सगळंच घडत असेल तर शक्यता कशाची? मेनी वर्ल्ड्स ‘सिद्ध झालंय’ म्हणून सांगणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
क्वांटम मेकॅनिक्सवर व्हिडिओ, कोर्स आणि लेख करणारे सगळे विज्ञानप्रसारक आणि शिक्षक

नमस्कार,

मी कॉलेजच्या मुलांना फिजिक्स शिकवते. क्वांटम मेकॅनिक्स सुरू करायच्या आधी एक ऑनलाइन कोर्स बघून या असं मी मुलांना दरवर्षी सांगायचे, कारण त्यात मेजरमेंट प्रॉब्लेमवरचा एक धडा फार मनापासून केलेला होता. इलेक्ट्रॉनचं वर्णन करणारं वेव्ह फंक्शन श्रोडिंजरच्या समीकरणाप्रमाणे सलग पुढे सरकतं, त्यात कुठेही उडी नसते, आणि तरी डिटेक्टर लावला की प्रत्येक वेळी एकाच जागी एकच ठिपका मिळतो, हे कसं काय? हा प्रश्न त्या धड्यात मुद्दाम उघडा ठेवला होता, कारण सगळ्यांना पटेल असं उत्तर आज कोणाकडेच नाहीये. यंदा त्या कोर्सची नवी आवृत्ती आली आणि तो धडा गायब. त्याच्या जागी एक छोटा चकचकीत व्हिडिओ आहे. माप घेतलं की विश्वाला फांद्या फुटतात, जे जे शक्य आहे ते कुठल्या ना कुठल्या फांदीत घडतंच, आणि आधुनिक फिजिक्सने हा प्रश्न असा सोडवलाय, एवढं सांगून तो संपतो. ह्याच कल्पनेला ‘मेनी वर्ल्ड्स’ म्हणतात. ह्यावर वाद आहे ही गोष्ट एका वाक्यातसुद्धा नाही. मी त्यांना कळवलं तर उत्तर आलं की नवशिक्या मुलांना वादात कशाला अडकवायचं.

हे मला गप्प बसून मान्य करता येत नाही म्हणून हे जाहीरपणे लिहितेय, आणि फक्त त्या एका कोर्ससाठी नाही लिहित. गेल्या काही वर्षांत तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी हीच वाट धरलीय. त्याचा परिणाम माझ्यापर्यंत उत्तरपत्रिकांमधून पोचतो. ‘मापन केल्यावर विश्व विभागले जाते’ हे वाक्य मुलं न्यूटनचा दुसरा नियम लिहावा तितक्या खात्रीने लिहितात आणि मग त्याला मार्क द्यायचे की कापायचे हा प्रश्न माझ्यापुढे येतो. मुलांची ह्यात काहीच चूक नाही, त्यांना जसं सांगितलं तसं त्यांनी लिहिलं.

आधी एक स्पष्ट करते, म्हणजे गैरसमज नको. मेनी वर्ल्ड्सची कल्पना मांडणाऱ्या ह्यू एव्हरेटचा प्रश्न खरा होता आणि त्याची कल्पना धाडसाची होती. १९३२ साली फॉन नॉयमनने क्वांटम मेकॅनिक्सची गणिती मांडणी केली तेव्हा त्यात सरळ दोन नियम आले: एरवी वेव्ह फंक्शन समीकरणाप्रमाणे चालतं, आणि माप घेतलं की एकदम कोलॅप्स होऊन एकच उत्तर उरतं. पण माप म्हणजे नक्की काय? डिटेक्टरही अणूंचाच बनलेला ना, मग त्याला वेगळा नियम का? एव्हरेटने प्रिन्स्टनमध्ये जॉन व्हीलरच्या हाताखाली पीएचडी करताना हाच प्रश्न धरला, आणि १९५७ साली म्हणाला की दुसरा नियम काढूनच टाका, सगळ्या विश्वाला एकच समीकरण लावा, मोजणाऱ्या माणसासकट. मग त्या समीकरणात दोन्ही उत्तरं राहतात, आणि दोन्ही बघणारी माणसंही राहतात. त्या वेळी फारसं कोणी लक्ष दिलं नाही. १९५६ सालीच तो विद्यापीठ सोडून संरक्षण खात्याच्या कामात गेला होता, आणि १९५९ साली तो कोपनहेगनला नील्स बोरना, म्हणजे तेव्हाच्या रूढ मांडणीच्या प्रमुख पुरस्कर्त्यांना, भेटून आला, पण काही उपयोग झाला नाही. १९७० साली ब्राइस डीविटने लेख लिहून ही कल्पना पुन्हा वर आणली, ‘मेनी वर्ल्ड्स’ हे नाव तेव्हापासून रुळलं. खुद्द व्हीलरनी पुढे आपला पाठिंबा काढून घेतला. ह्या माणसाच्या वाट्याला जी उपेक्षा आली ती अन्यायाचीच होती असं माझं मत आहे. पण म्हणून प्रश्न न विचारता त्याचं उत्तर मुलांच्या गळी उतरवायचं, हा त्यावरचा उपाय नाही.

आता माझ्या तक्रारी सांगते.

सगळ्यात मोठी तक्रार संभाव्यतेची आहे आणि तुमच्या व्हिडिओंमध्ये नेमकी तीच गाळलेली असते, म्हणून इथे जरा थांबून सांगते. एक बीम स्प्लिटर घ्या, म्हणजे असा काचेचा तुकडा की ज्यावर पडलेला प्रकाश थोडा आरपार जातो आणि थोडा परावर्तित होतो. समजा हा ९०:१० चा आहे. त्यावर अगदी एकेक करून फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, सोडायचे आणि दोन्ही वाटांवर डिटेक्टर ठेवायचे. दर फोटॉनला दोनपैकी एकच डिटेक्टर वाजतो. दहा फोटॉन सोडले तर बहुतेक वेळा आठ, नऊ किंवा दहा आरपार गेलेले दिसतात. कितीही वेळा करा, सरासरी नव्वद टक्क्यांकडेच जाते. मॅक्स बॉर्नने १९२६ साली दिलेला नियम हाच, की वेव्ह फंक्शनच्या त्या त्या भागाच्या आकाराचा वर्ग म्हणजे संभाव्यता (वर्ग करायची गोष्ट त्याने मूळ पेपरात तळटीपेत घातली होती, आणि आज सगळं क्वांटम त्या तळटीपेवर उभं आहे).

आता हाच प्रयोग मेनी वर्ल्ड्सच्या नजरेने बघा. दर फोटॉनला दोन्ही गोष्टी घडतात. दहा फोटॉननंतर नोंदींचे १०२४ वेगवेगळे क्रम तयार होतात आणि ते सगळेच्या सगळे खरे, प्रत्येक क्रमासमोर नोंदवही घेऊन बसलेली एकेक मी. ह्या १०२४ पैकी बरोबर पाच आरपार आणि पाच परावर्तित असे क्रम २५२ आहेत. नऊ किंवा दहा आरपार असे क्रम फक्त ११. पण बॉर्नचा नियम म्हणतो की त्या ११ क्रमांचं मिळून वजन, म्हणजे संभाव्यता, सुमारे ७४ टक्के, आणि त्या २५२ क्रमांचं मिळून ०.१५ टक्के. आणि मुख्य गोष्ट ही की काच ९०:१० ची असो, ५०:५० ची असो की ९९:१ ची, क्रमांचं झाड तेच राहतं, तेच १०२४. मग ९०:१० च्या काचेसमोर बसलेल्या त्या सगळ्या ‘मी’ मोजल्या तर त्यातल्या बहुतेकींच्या वहीत बॉर्नचा नियम खोटा ठरवणारे आकडे असणार.

ह्यावर समर्थकांचं उत्तर आहे आणि ते मला माहितीये. ते म्हणतात फांद्या मोजायच्याच नसतात, कारण फांद्या फुटणं ही सलग चालणारी प्रक्रिया आहे, तिथे नेमका आकडा काढताच येत नाही, महत्त्व वजनाला. ठीक आहे, मोजायच्या नाहीत. पण मग ज्या फांदीचं वजन जास्त तिथेच मी सापडेन अशी अपेक्षा मी का ठेवायची? कमी वजनाच्या फांदीतली मी काही कमी खरी नाही, तिला तितकंच दिसतं, तितकंच दुखतं. सगळंच घडणार असेल तर ‘नव्वद टक्के शक्यता’ ही नक्की कशाची शक्यता? डेव्हिड डॉइचने १९९९ साली आणि नंतर डेव्हिड वॉलेसने ह्यावर खूप काम केलं. त्यांचं म्हणणं असं की शहाण्या माणसाने पसंती ठरवताना काही साधे नियम पाळले तर त्याला बॉर्नच्या वजनाप्रमाणेच पैज लावावी लागते. झुरेकने वेगळी वाट काढली, इतरांनी आणखी वेगळ्या. हे सगळं काम गंभीर आहे, हुशार माणसांचं आहे, वाचताना आनंद होतो. पण ते ‘साधे नियम’ मानायलाच हवेत का ह्यावर एड्रियन केंट, डेव्हिड अल्बर्ट ह्यांच्यासारख्यांनी सणसणीत आक्षेप घेतलेत आणि तो वाद मिटलेला नाही. माझी स्वतःची शंका तर आणखी साधी आहे: मी पैज कशी लावावी हे कळल्याने डिटेक्टर नव्वद टक्के वेळा का वाजतो हे कळत नाही. क्वांटम मेकॅनिक्सवर आपण विश्वास ठेवतो तो ह्या टक्केवारीमुळेच, प्रयोगशाळेतला सगळा पुरावा म्हणजे असेच मोजलेले आकडे. त्या आकड्यांना अर्थ काय हे जो अन्वयार्थ सांगू शकत नाही त्याने स्वतःच्याच पायाखालची जमीन काढून घेतली असं मला वाटतं. कदाचित उद्या कोणी हे सोडवेल. पण आज तुम्ही ‘फक्त समीकरण घ्या, बाकी सगळं आपोआप मिळतं’ असं सांगता, त्यातलं हे आपोआप मिळत नाही, आणि हे न सांगणं म्हणजे मुलांपासून मुख्य गोष्ट लपवणं.

दुसरी तक्रार क्वांटम कॉम्प्युटरची. २०२४ च्या डिसेंबरमध्ये १०५ क्यूबिटच्या (क्यूबिट म्हणजे क्वांटम कॉम्प्युटरमधला माहितीचा मूळ घटक) एका चिपची घोषणा झाली. एक ठराविक गणित तिने पाच मिनिटांच्या आत केलं, त्याला आजच्या सुपरकॉम्प्युटरला एकावर पंचवीस शून्यं इतकी वर्षं लागली असती असा दावा होता. एरर करेक्शनच्या दृष्टीने ते काम खरोखर महत्त्वाचं आहे. पण त्याच घोषणेत एक ओळ होती की हे गणित अनेक समांतर विश्वांत होतं ह्या कल्पनेला ह्याने बळ मिळतं, आणि तुमच्यातल्या कित्येकांनी बाकी सगळं सोडून ती एक ओळ उचलली. ‘समांतर विश्वांचा पुरावा सापडला’ अशी थंबनेल मी स्वतः बघितलीयेत, मुलांनीच आणून दाखवली.

पुरावा कसला? ती चिप काय उत्तर देईल ह्याचं भाकीत कोपनहेगनवाला (माप घेतलं की कोलॅप्स होतो असं मानणारी रूढ बाजू), बोमवाला (ह्याबद्दल पुढे सांगते) आणि एव्हरेटवाला तिघेही अगदी सारखंच करतात. तिघांचं गणित एकच असेल तर उत्तर बरोबर आलं म्हणून तिघांपैकी एकटा जिंकला असं कसं म्हणता येईल? पण ह्याहून मोठी अडचण आहे आणि ती मेनी वर्ल्ड्सच्या आतलीच आहे. आजचे समर्थक ‘विश्व’ किंवा फांदी कशाला म्हणतात? जिथे डिकोहेरन्स झालाय, म्हणजे वेव्ह फंक्शनचे दोन भाग आजूबाजूच्या हवेत, प्रकाशात, उष्णतेत इतके गुंतलेत की त्यांचा एकमेकांशी इंटरफेरन्स, म्हणजे लाटांसारखं एकमेकांना वाढवणं किंवा पुसून टाकणं, व्यवहारात अशक्य झालाय, तिथे दोन विश्वं. आणि क्वांटम कॉम्प्युटर चालतो कशावर? डिकोहेरन्स होऊ न देण्यावर! ती चिप निरपेक्ष शून्याच्या जवळ, एका केल्विनच्याही कितीतरी खाली थंड करून ठेवतात, सगळीकडून झाकून ठेवतात, ते त्याचसाठी. म्हणजे समर्थकांच्याच व्याख्येप्रमाणे त्या गणिताच्या मधल्या वेळात वेगळी विश्वं तयार झालेलीच नसतात, आणि ती तयार झाली की गणित बिघडतं.

शिवाय ‘प्रत्येक विश्व एकेक उत्तर तपासतं’ हे चित्रच चुकीचं आहे. तसं असतं तर कुठलीही यादी एका झटक्यात शोधून झाली असती. प्रत्यक्षात ग्रोव्हरच्या १९९६ च्या पद्धतीने दहा लाख नोंदींमधून एक शोधायला साधारण ८०० पायऱ्या लागतात. साध्या कॉम्प्युटरला सरासरी पाच लाख लागतील, त्या मानाने खूपच कमी, पण एक नाही. आणि ह्याहून फारसं वेगाने जाता येत नाही हे गणिताने सिद्ध झालेलं आहे. काम होतं ते इंटरफेरन्सने, चुकीच्या उत्तरांचे भाग एकमेकांना मारून टाकतात आणि बरोबर उत्तराचा भाग वाढत जातो. हे इतकं सुंदर आहे की ते सोडून विश्वं मोजत बसायची मला खरंच गरज वाटत नाही, आणि मुलांना नीट सांगितलं तर तीही ह्यावरच खूश होतात.

तिसरं, ‘डिकोहेरन्सने मेजरमेंट प्रॉब्लेम सुटला’ हे वाक्य. झेने १९७० मध्ये आणि झुरेकने ८० च्या दशकात दाखवलं की मोठ्या वस्तूंमध्ये सुपरपोझिशनचा (एकाच वेळी अनेक शक्यता असण्याचा) इंटरफेरन्स इतक्या पटकन का नाहीसा होतो. श्रोडिंजरच्या प्रसिद्ध विचारप्रयोगातलं मांजर अर्धं जिवंत अर्धं मेलेलं का दिसत नाही ह्याचं बरंचसं उत्तर तिथे मिळतं. पण डिकोहेरन्सनंतरही समीकरणात जिवंत मांजर आणि मेलेलं मांजर दोन्ही असतात. ‘दोन्ही’पासून ‘दोन्हीपैकी एक’पर्यंत डिकोहेरन्स नेत नाही. तिथून पुढे प्रत्येक अन्वयार्थाला स्वतःचं काहीतरी घालावं लागतं, एव्हरेटवाले म्हणतात दोन्ही राहू द्या, बोमवाले म्हणतात कण आधीच एका जागी होता. म्हणजे डिकोहेरन्स ही सगळ्यांची सामायिक मिळकत आहे, ती एकट्या मेनी वर्ल्ड्सच्या खात्यात जमा करू नका.

चौथी तक्रार इतर पर्यायांबद्दलची. तुमच्या बहुतेक व्हिडिओत दोनच बाजू असतात: एकीकडे ‘बघितल्याने कोलॅप्स होतो’ असलं काहीतरी गूढ, जे ऐकूनच कोणालाही पटणार नाही, आणि दुसरीकडे मेनी वर्ल्ड्स. समोर इतका कमजोर पर्याय ठेवला की निकाल आधीच लागलेला असतो. द ब्रॉयने १९२७ मध्ये आणि बोमने १९५२ मध्ये दाखवलं की कणांना नेहमी नेमकी जागा असते आणि वेव्ह फंक्शन त्यांना वाट दाखवतं असं मानूनही क्वांटमची नेहमीची सगळी भाकितं मिळतात. किंमत काय, तर दूरच्या कणांमधला परिणाम तत्काळ मानावा लागतो. ही किंमत बऱ्याच जणांना परवडत नाही, हरकत नाही, पण पर्याय आहे. दुसरा पर्याय गिरार्डी, रिमिनी आणि वेबर ह्यांचा, १९८६ चा. ते म्हणतात कोलॅप्स खरंच होतो, आपोआप होतो, कोणी बघायची गरज नाही. एका एकट्या कणाला सरासरी तीसेक कोटी वर्षांत एकदा, म्हणून प्रयोगशाळेतल्या इलेक्ट्रॉनमध्ये दिसत नाही. पण डोळ्यांना दिसेल अशा वस्तूत इतके कण असतात की त्यातल्या एकाचा तरी कोलॅप्स मायक्रोसेकंदाच्या आत होतोच आणि तो सगळ्यांना ओढून नेतो. आणि वेव्ह फंक्शन ही वस्तू नाहीच, ती आपल्या माहितीची नोंद आहे असं मानणारेही पुष्कळ आहेत.

मला ह्यातला कुठला पर्याय बरोबर वाटतो हा मुद्दा नाही. मुद्दा हा की आपोआप कोलॅप्सची कल्पना प्रयोगात तपासता येते आणि लोक ती तपासतायत. २०१९ साली व्हिएन्नात सुमारे दोन हजार अणूंच्या, हायड्रोजनच्या अणूपेक्षा पंचवीस हजार पटींहून जड अशा रेणूंचा इंटरफेरन्स दिसला. २०२० साली इटलीत ग्रान सासोच्या डोंगराखालच्या प्रयोगशाळेत, गुरुत्वाकर्षणामुळे कोलॅप्स होतो ह्या कल्पनेचं सगळ्यात साधं रूप तपासलं गेलं आणि ते टिकलं नाही. म्हणजे मी ज्यांची बाजू मांडतेय त्यांनाच तिथे फटका बसला, आणि हेही मुलांना सांगायला हवं. उद्या एखादा जड रेणू आजूबाजूचं काहीही कारण नसताना इंटरफेरन्स दाखवायचा थांबला तर मेनी वर्ल्ड्स त्या दिवशी संपलं. म्हणून ‘मेनी वर्ल्ड्स कधी तपासताच येणार नाही, ते विज्ञानच नाही’ असं म्हणणाऱ्या माझ्या बाजूच्या लोकांशीही मी सहमत नाही. तसंच ‘इतक्या विश्वांना ऊर्जा कुठून आणणार’ हा आक्षेपही सोडून द्या, वजनांचा हिशोब धरला तर ऊर्जेची बेरीज कुठेही बिघडत नाही. शंका घ्यायची तर जागच्या जागी घ्यावी.

‘आता बहुतेक शास्त्रज्ञ मेनी वर्ल्ड्स मानतात’ हे तर तुम्ही अगदी सहज बोलून जाता. २०११ साली ऑस्ट्रियातल्या एका परिषदेत ह्याच विषयात काम करणाऱ्या ३३ जणांना विचारलं होतं, मेनी वर्ल्ड्सला १८ टक्के मतं पडली आणि कोपनहेगनला ४२. २०२५ साली ‘नेचर’ने अकराशेहून जास्त संशोधकांना विचारलं, तिथे मेनी वर्ल्ड्स १५ टक्क्यांच्या आसपास होतं. मतं मोजून निसर्ग ठरत नाही, हे मान्य, पण मग तुम्हीही मतांचा दाखला देऊ नका. २०२२ च्या नोबेलचंही तसंच. आस्पे, क्लाउझर आणि झाइलिंगर ह्यांना ते मिळालं दूरच्या कणांमधल्या नात्याबद्दलच्या बेलच्या १९६४ च्या प्रमेयाशी जोडलेल्या प्रयोगांसाठी आणि त्यातून पुढे आलेल्या क्वांटम माहितीच्या कामासाठी. त्या प्रयोगांतून समांतर विश्वं सिद्ध होत नाहीत. बोमची मांडणीही त्या प्रयोगांनंतर जशीच्या तशी उभी आहे.

इन्फ्लेशनमधून, म्हणजे विश्वाच्या सुरुवातीच्या प्रचंड वेगाच्या प्रसरणाच्या कल्पनेतून, येणारं मल्टिव्हर्स (अनेक विश्वांचा समूह) आणि एव्हरेटच्या फांद्या ह्या दोन वेगळ्या कल्पना आहेत, वेगळ्या कारणांनी आलेल्या. एकाच व्हिडिओत एकाच चित्राखाली त्या मिसळू नका, एवढंच.

शेवटची तक्रार मला सगळ्यात जास्त लागणारी आहे. ‘तुम्ही घेतलेल्या प्रत्येक निर्णयाला दुसरं विश्व तयार होतं, तिथे तुम्ही उलटा निर्णय घेतलेला असतो.’ हे मेनी वर्ल्ड्स म्हणत नाही! फांद्या फुटतात त्या डिकोहेरन्स होतो तिथे, कुठल्याही दगडात, हवेच्या झुळकीत, माणूस नसलेल्या ठिकाणीही. मी दोन गोष्टींमध्ये घुटमळले म्हणून त्या दोन गोष्टींच्या दोन फांद्या होतात ह्याला काहीही आधार नाही, मेंदूतला निर्णय हे बीम स्प्लिटरवरच्या फोटॉनसारखं क्वांटम माप आहे असं कोणीही दाखवलेलं नाही. पण हेच वाक्य मुलांच्या मनात जाऊन बसतं. वर्ग संपल्यावर एक मुलगी थांबली आणि म्हणाली, “मॅडम, मी ह्या वेळी नापास झाले तरी दुसरीकडे कुठेतरी पास झालेच असेन ना?” ती गंमत करत नव्हती. तिला त्यातून धीर मिळत होता, आणि अभ्यास कशाला करायचा ह्याचं कारणही मिळत होतं. मी तिच्यासोबत बसून बीम स्प्लिटरची आकृती काढली आणि कुठे काय फुटतं, काय फुटत नाही ते सगळं सांगितलं. तिने सगळं ऐकून विचारलं की मग त्या व्हिडिओत असं का सांगतात. ह्याचं उत्तर तुम्ही द्यायचंय.

आणि ह्याहून वाईट म्हणजे ‘क्वांटम अमरत्व’. तुमच्या जाणिवेची एक फांदी नेहमी जिवंतच राहते म्हणून तुम्ही कधी मरत नाही, असं सांगणारे व्हिडिओ. हे फिजिक्स नाही. मेनी वर्ल्ड्स मानणारेही बरेच जण हे नाकारतात. मृत्यू म्हणजे ५०:५० चं स्वच्छ क्वांटम माप नसतं, आणि जे जे माणूस गमावतं ते त्याच्या माणसांसाठी प्रत्येक अर्थाने खरंच गमावलेलं असतं. मन आधीच खचलेलं असताना रात्री एकटं कोणी हे बघत असेल ह्याचा विचार ते अपलोड करताना करा. ह्याला विज्ञानप्रसार म्हणू नका.

माझ्या मागण्या सांगते, अवघड एकही नाही.

मेनी वर्ल्ड्स जरूर शिकवा, पण प्रत्येक वेळी ते क्वांटम मेकॅनिक्सच्या अनेक अन्वयार्थांपैकी एक आहे हे तोंडाने सांगा, खाली बारीक अक्षरात नको. त्याच व्हिडिओत, त्याच धड्यात, आणखी निदान दोन पर्याय त्यांच्या चांगल्या रूपात मांडा, खिल्ली उडवायच्या रूपात नको.

संभाव्यतेचा प्रश्न गाळू नका. त्याला लागतं किती, एक काच आणि दहा फोटॉन. बारावीच्या मुलालाही कळतो.

क्वांटम कॉम्प्युटरच्या बातम्यांमधून ‘समांतर विश्वांचा पुरावा’ हे शब्द काढा, जुन्या व्हिडिओंच्या थंबनेलवरूनही काढा.

‘प्रत्येक निर्णयाला नवं विश्व’ आणि ‘क्वांटम अमरत्व’ हे सांगणारे व्हिडिओ मागे घ्या, किंवा दुरुस्ती करून तीच दुरुस्ती व्हिडिओच्या पहिल्या मिनिटात घाला.

जे कोर्स चालवतात त्यांनी मेजरमेंट प्रॉब्लेमचा काढलेला धडा परत आणावा. नवशिक्या मुलांना वाद झेपत नाही हे मला मान्य नाही, मी रोज त्यांच्यासमोर उभी असते आणि त्यांना सगळ्यात जास्त जाग येते ती ‘हे अजून कोणालाच माहीत नाही’ असं सांगितल्यावर. तो धडा नव्याने करायला वेळ नसेल तर मी लिहून देईन, त्याचे पैसे नकोत, नावही नको. एव्हरेटच्या बाजूच्या कोणी त्यात दुरुस्त्या सुचवल्या तर त्याही घालेन.

तुमच्या उत्तराची वाट बघतेय.

आपली,
फिजिक्सची एक शिक्षिका